कोनाड्यातला वाटा

अक्का, तुझा दहावा होऊन अजून पुरता आठवडा झाला नाय, आन् मला तुझ्याशी भांडायचंय. मोठ्यानं बोलायला लागले की सारिका घाबरते. काल बापाला म्हणाली, "आई भिंतीशी बोलती." म्हणून लिहायला बसले. भांडण जुनंच हाय. कशावरनं ते तुला ठाव हाय. कोनाड्यावरनं.

मी लग्न होऊन या घरात आले तवा तुला तुमी म्हणायची. थोरली जाऊ, मान ठेवायलाच पायजे. मग तूच एक दिवस पिठाचा हात माझ्या गालाला पुसून म्हणालीस, "कौसे, एका चुलीवरच्या बायका तुमी-बिमी करायला लागल्या तर भांडायचं कसं?" त्या दिवसापासनं आपुन मनसोक्त भांडलो. सासूबाई गेल्यावर तर मधी पडायलाही कुणी राहिलं नाय.

आपलं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की धडधाकट माणसं मेंढरं घेऊन घाटानं खाली कोकणात उतरायची आन् पावसाच्या आधी वर यायची. घोडी, कुत्री, कोकरं, भांडीकुंडी, सगळा वाडाच हालायचा. मागं जी म्हातारी-कोतारी राहायची त्यांचा आठवड्याचा बाजार लोणी गावाला. बाजाराची पिशवी घरात आली की आधी खाली गेलेल्या माणसाचा वाटा निघायचा. मीठ, गुळाचा खडा, चहाची पावडर, तंबाखूची पुडी. चुलीशेजारच्या कोनाड्यात ते ठेवायचं आन् माणूस वर आला की त्याचं त्याला द्यायचं. सासूबाई म्हणायच्या, "वाटा चुकला तर माणसाला घर इसरतं." माझ्या माहेरी, कळंबला, मेंढरं माझ्या लहानपणीच सुटलेली. आमी असलं काय बघितलं नव्हतं. मला आपली गंमत वाटायची.

तवा घरात पैसा वर्षातनं दोन-तीनदा दिसायचा. लोकर कातरली की, नायतर कोकरं विकली की. बाकी सारं दाण्यावर. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची आन् खताच्या बदल्यात ज्वारी-बाजरी घ्यायची. पैसा वर्षाचा, म्हणून खर्चही वर्षाचा. लुगडी, धोतरं, मीठ-मिरची एकदा भरली की पुन्हा खिशात हात नाय. त्यातनं एका माणसाचा वाटा काढायला काय जड नव्हतं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून तू वाड्याबरोबर गेली नायस. दादा तेवढे गेले. तुझे मालक, माझे थोरले दीर. शिमग्याच्या सुमाराला चुलतसासरे एकटेच वर आले आन् अंगणात उभे राहिले, आत येईनात. दिवस मावळताना एक मेंढी मागं राहिली म्हणून दादा तिला आणायला झाडीत गेले, म्हणाले. सकाळी मेंढी आपली आपुन वाड्यात आली. तिच्या गळ्यात दादांचं उपरणं बांधलेलं, गाठही त्यांच्याच हातची. दादा आले नायत. ओढे धुंडाळले, कपारी बघितल्या, पोलीस पाटलाला सांगितलं. काय म्हंजे काय घावलं नाय.

ते उपरणं त्यांनी तुझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. मी तुला धरायला पुढं झाले. तू ते पाण्यात बुडवलंस, पिळलंस, दांडीवर टाकलंस आन् मला म्हणालीस, "आज बाजार हाय ना? पिशवी आण." मला तवा तुझी भीती वाटली, अक्का. आज सांगते. पुढं ती भीती कमी-जास्त झाली, पण पुरती गेली कवाच नाय.

मेंढरं मग विकली. आपल्या आळीला कॅनॉलचं पाणी आलं नाय, पण दुधाची गाडी आली. दोन जर्शी गाया दावणीला लागल्या आन् दर दहा दिवसांनी दुधाचा पगार यायला लागला. पैसा दहा दिवसांचा झाला तसा खर्च आठवड्याचा झाला. मग ह्यांना टेम्पोवर ड्रायव्हरची नोकरी लागली, मंचरवरनं माल भरून वाशीला न्यायचा, तवा खर्च रोजचाच झाला. पयले वर्षाचं भरणारी माणसं आपुन, आता शॅम्पूची पुडी एकेक तोडून आणायला लागलो. कुठलीच वस्तू एकदम पुरी घरात येईना. आन् जे जे नवं घरात आलं ते ते कोनाड्यात गेलं. चुलीच्या राखेनं दात घासणारं घर टूथपेस्टवर आलं, दादांना ब्रश आला. बिस्किटाचा पुडा आला, त्यातनं दोन त्यांना. अंगाचा वासाचा साबण आला, तर अख्खी वडी त्यांची निराळी.

मी म्हणायची, "अक्का, माणूस गेला तवा राखेनं दात घासत व्हता. त्याला ब्रश कळंल का?"

तू म्हणायचीस, "आपुन शिकलो, ते काय येडे हायेत?"

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. लोक देवाला निवद दाखवतात, तसंच हे. पण निवद संपत नाय. दादांचा वाटा संपायचा. तंबाखूची पुडी बाजारादिवशी भरलेली ठेवली की पुढच्या बाजाराला तळाला चिमूटभर उरलेली. मला वाटलं, तूच चोरून खातेस. एकदा तुला दात दाखवायला लावले, आठवतंय का? तूही खुशाल तोंड उघडून बसलीस. दात पांढरेफेक. म्हणालीस, "बघ, जिभेखाली पण बघ."

मग त्या चपला. सगळ्यांना घेतल्या तवा दादांना घेतल्या, रबरी, निळ्या पट्ट्याच्या. कोनाड्याखाली भिंतीशी लावून ठेवायचीस. पावसाळा गेल्यावर मी झाडताना सहज उचलल्या तर टाचा झिजलेल्या. डाव्या चपलेची बाहेरची कड जास्त. दादांचा डावा पाय जरा फेंगडा पडायचा. तुझं पाऊल तर त्यात पोहायला लागलं असतं, एवढुसं पाऊल तुझं. मी चपला उलट्या केल्या. खालच्या नक्षीत माती बसलेली. आपल्याकडं काळी माती हाय, मुरूम हाय. ती लाल व्हती. कोकणात असती तशी लाल, कुंकवाला जरा पाणी लागलं की दिसतं तशी. तू मागनं आलीस, माझ्या हातनं चपला घेतल्यास आन् बाभळीचा काटा घेऊन ती माती काढत बसलीस. रोजचंच काम असल्यासारखी. मी इचारलं, "अक्का, हे काय?" तर म्हणालीस, "चालून चालून दमत असतील. घाट लई उभा हाय."

त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाय. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वयनी डोक्यानं हलल्यात, तू नको हलू."

टीव्ही आला तवा मला वाटलं, आता जिरली हिची. टीव्हीतला वाटा कसा काढणार? तू टीव्हीसमोर एक पाट मांडलास. हिंदी मालिका लागली की आपुन सगळे सतरंजीवर आन् पाट रिकामा. एकदा ह्यांच्या टेम्पोमालकाकडचे पावणे आले, भरल्या दुपारी, आन् त्या पाटावर टेकले. चहा हातात घेतला, एक घोट घेतला आन् उठून उभेच राहिले. म्हणाले, "इथं ओल हाय का वो खाली? बसवत नाय." वैशाखात, पत्र्याच्या घरात, ओल कुठनं येणार? तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी तुला कोपरानं ढोसलं. त्या पावण्यांनी पुन्हा आपल्याकडं चहा घेतला नाय, दारातनंच हाक मारायचे.

पत्र्याचं जाऊन स्लॅबचं घर झालं. किचन ओटा, कडप्पा, गॅसची शेगडी. गवंडी इचारायला आला, शोकेस कुठं काढायची? तू म्हणालीस, शोकेस काय बी कर, मला एक कोनाडा पायजे. गवंडी हसला. "आजी, आता कोनाडे कोण काढतंय?" तुझं वय तरी काय व्हतं तवा, पण केस पिकले व्हते म्हणून आजी म्हणाला. तू त्याला जेवाय वाढलंस आन् जवर कोनाडा निघाला नाय तवर पुढच्या भिंतीला हात लावू दिला नायस. नव्या गुळगुळीत भिंतीत ते एक भोक. मला ते बघवायचं नाय. मी तिथं कॅलेंडर अडकवलं तर तू मुकाट्यानं दुसऱ्या खिळ्याला लावलंस.

आपलं मोठं भांडण सारिकाच्या शाळेवरनं झालं. तिला मंचरच्या इंग्रजी शाळेत घातलं, फी, गाडीचं भाडं, बूट, दप्तर. घरातला पैसा दाण्यावर कमी आन् पोरीवर जास्त जायला लागला, सगळीकडंच तसं झालं तवा. मी तुला म्हणाले, "जित्या पोरीच्या तोंडचं काढून कोनाड्यात घालतेस." लई वाकडं बोलले मी. पुढच्या बाजारापासनं पोरीचं काय कमी पडलं नाय आन् दादांचंही काय कमी झालं नाय. मी म्हणाले, भागवलं कुठनं तरी. घरात जे भागतं ते कुठनं भागतं, हे भागतंय तवर कोण इचारतंय?

बारा वर्षं भरली तशी भावकी आली. ह्यांचे चुलतभाऊ तात्या, चुलतसासरे, सगळे सतरंजीवर बसले. गेलेल्या माणसाचा पत्ता बारा वर्षं लागला नाय तर पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, क्रिया करून मोकळं व्हायचं. तात्या म्हणाले, "वयनी, तुमी बी सुटा, त्याला बी सोडा. तो अधांतरी हिंडतोय." हे खाली मान घालून बसले व्हते. भाऊच तो त्यांचा.

तू आतनं साबणाची वडी घेऊन आलीस. पातळ झालेली, मधनं वाकलेली. तात्यांच्या पुढ्यात ठेवलीस आन् म्हणालीस, "ज्याचा साबण झिजतो त्याची क्रिया कशी करायची, ते तुमी सांगा."

तात्यांनी वडीला बोट लावलं आन् धोतराला पुसलं. मग कुणीतरी माझ्याकडं बघितलं. सगळ्या गावाला ठाव की मी कोनाड्यावरनं तुझ्याशी भांडते, तवा मी तरी भावकीच्या बाजूनं बोलंन. मी म्हणाले, "चहा घ्या आन् निघा. आमच्या घरातला खर्च आमी बघू." का म्हणाले, मला आजतागायत कळलं नाय. भांडायचा हक्क माझा व्हता, त्यांचा नव्हता, एवढंच. तू माझ्याकडं बघितलं सुद्धा नायस. पण त्या दिवशी पिठलं केलंस, मला आवडतं तसं, लसणाची फोडणी जळकट करून.

मोबाईल आले. पयला ह्यांना, टेम्पोसाठी. मग दिवसभर ह्यांचा पत्ता नाय म्हणून मला. तू म्हणालीस, "त्यांना?" आता मला राग पण येईनासा झाला व्हता. ह्यांचा जुना हँडसेट पडून व्हता, त्यात कार्ड घालून कोनाड्यात ठेवला. मी इचारलं, "आन् तुला नको का?" तू म्हणालीस, "मला कोण करतंय फोन? मी घरातच हाय."

कांद्याची खुरपणी चाललेली ती दुपार सांगते. तुला ठाव हाय, पण मला सांगायचीय. आपुन दोघीच रानात. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. ऊन असं की लांबचं काय हालतंय का थांबलंय कळू नये. माझा फोन वाजला, एकदाच, आन् कट झाला. मी हात पुसून बघितलं. मिस कॉल. नंबर दादांचा. मी तसाच उलटा लावला तर त्यातली बाई म्हणाली, स्विच ऑफ हाय. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्या हातनं खुरपं पडलं. तू ओळ सोडली नायस, मानही वर केली नायस. म्हणालीस, "पोचले असतील."

"कुठं पोचले, अक्का?"

"मला काय ठाव? मिस कॉल म्हंजे पोचलो. उचलायचा नसतो. तूच सांगितलंस की."

खरंच मीच सांगितलं व्हतं. हे वाशीला पोचले की एक मिस कॉल द्यायचे, पैसे वाचायचे. मी पळत घरी आले, कुलूप काढलं. फोन कोनाड्यात तसाच, काळा ठिक्कर. लोडशेडिंगमुळं त्याला चार्जिंग मिळून किती तरी दिवस झालेले. हातात घेतला तर गरम. उन्हानं म्हणावं तर कोनाड्यात ऊन येत नाय.

मी तो परत ठेवला. कुणाला बोलले नाय. अक्का, त्या दिवसापासनं बाजारातनं दादांची तंबाखू आणायला मी इसरले नाय. तुला वाटायचं, कौसी सुधारली. कौसी भ्याली व्हती. पण नुसती भ्याली पण नव्हती. रोजच्या रोज पैसा येतो आन् जातो, कशाचा हिशेब लागत नाय, कुठली वस्तू कुणाची ते कळत नाय, अशा घरात एक वाटा ठरलेला व्हता. कुणीतरी वाट बघतंय एवढं तरी त्या वाट्यावरनं कळायचं. मला त्याचा आधार वाटायला लागला व्हता. हे तुला तोंडावर सांगायला पायजे व्हतं. तू म्हणाली असतीस, "आली का वळणावर?" म्हणून राहिलं.

तू गेलीस तवा न्हाऊ घालायला बायका जमल्या. आन् कुजबूज सुरू झाली. हिरवं लुगडं आणायचं का पांढरं? मळवट भरायचा का नाय? बाई सवाशीण का विधवा, हेच कुणाला सांगता येईना. तात्यांची बायको म्हणाली, "लोकाचाराला धरून करा." मी कुणाचं ऐकलं नाय. हिरवं आणलं, हिरवा चुडा भरला, ओटी भरली, मळवट मी माझ्या हातानं भरला. झालं ते झालं, पण आणखी एक झालं, ते फक्त मी बघितलं. साबण संपला म्हणून एक पोरगी आतनं वडी घेऊन आली. ती दादांची व्हती. मी तिच्या हातनं घेतली तर वडी ओली. फेस अजून विरला नव्हता. तू पहाटेपासनं निपचित पडलेली. घरात कुणी आंघोळ केली नव्हती. मी ती वडी मुठीत धरली आन् तुझ्या अंगाला लावली. दुसरी आणू दिली नाय. मला वाटलं, निदान एवढा तरी हात लागू दे तुला त्यांचा.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आन् आमी माघारी वळतोय तोवर कावळा शिवला. लोक म्हणाले, सुटली बिचारी, कसली इच्छा मागं ठेवली नाय. मला राग आला. एवढी वर्षं मी समजत व्हते, कोनाडा हा तुझा जीव, तिथंच तुझं अडणार. मी बोलायची तयारी करून गेले व्हते, दादांचा वाटा चालवीन म्हणून. कावळ्यानं मला तोंड उघडू दिलं नाय. तुझं काय अडलंच नव्हतं, मग तू कुणासाठी घाई केलीस?

काल बाजार व्हता. मी एकटीच गेले. मीठ घेतलं, चहा घेतला, सारिकाचा शॅम्पू घेतला. दादांची तंबाखू घेतली, साबण घेतला, इचार न करता. आन् मग माझ्या ध्यानात आलं, आता तूही खाली गेलीस. मग तुझा वाटा? तो माझ्याशिवाय कोण काढणार? चुकला तर तुला घर इसरेल.

किराणावाल्यापुढं उभी राहिले आन् मला सुचेना. तुझ्यासाठी काय घेऊ? तंबाखू तू खात नव्हतीस. चहा सगळ्यांचा झाल्यावर तळाचा प्यायचीस, गोड का अगोड ते मी बघितलं नाय. बिस्कीट पुढं केलं तर म्हणायचीस, पोरीला ठेव. लुगडं ह्यांनी आणलं ते, बांगड्या कासारणीनं भरल्या त्या. सारिकाची फी झाली, दादांचं झालं, सगळं ज्याच्यातनं भागलं तो वाटा तुझा व्हता. म्हणून तर तो कुठं दिसलाच नाय. एका चुलीवर एवढी वर्षं काढली आन् तुला काय आवडतं ते मला सांगता येईना. पिशवी उघडी धरून मी रडायला लागले, भर बाजारात.

किराणावाला चांगला माणूस. त्याला ठाव व्हतं, घरात नुकतंच झालंय. हळू आवाजात म्हणाला, "वयनी, आणखी काय देऊ?"

मी म्हणाले, "थांबा जरा, इचारून सांगते."

त्याचा तराजू हातातच राहिला. मी तशीच घरी आले. कोनाड्यात तंबाखूच्या पुडीशेजारी जागा केलीय, पुसून ठेवलीय. पुढचा बाजार येतोय, अक्का. आता लाजू नको आन् पोरीला ठेव म्हणू नको. तुला काय आणू?